वाढणाऱ्याचें पान

आमच्या थोरल्या वहिनींना गेल्या मार्गशीर्षांत साठावें वर्ष पुरें होऊन एकसष्टावें लागलें. एकत्र कुटुंबांत असा दिवस आला म्हणजे घरांतील प्रत्येकास कांहीं ना कांहीं सुचतें. कोणीं साठीशांत करावी म्हटलें, कोणीं कार्यालय घेऊन सर्व आप्तेष्टांस बोलवावें म्हटलें, तर महाविद्यालयांत जाणाऱ्या आमच्या पुतणीनें वहिनींना एकदां हिमालय दाखवावा असा ठराव मांडला. सारे ठराव मांडून व त्यांवर यथास्थित वाद होऊन झाल्यावर कोणाच्या तरी लक्षांत आलें कीं, जिच्याकरितां हें सर्व चाललें आहे तिला अजून कोणीं विचारलेंच नाहीं. वहिनी त्या वेळीं स्वयंपाकघरांत पोळ्या लाटीत होत्या. त्यांना विचारलें तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "मला काय हवें? एक दिवस तव्यावरची पोळी कोणी तरी माझ्या पानांत वाढली म्हणजे झालें."

हें ऐकून सर्व मंडळी हंसली. आम्हीही हंसलों. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तें हंसें ओसरलें व आम्ही मनाशीं हिशेब करूं लागलों. वहिनी या घरांत आल्यास छत्तीस वर्षें झालीं. तेरा माणसांचें आमचें घर. दोन्ही वेळच्या मिळून रोज तीसच पोळ्या धरल्या, तरी वर्षाच्या दहा हजारांवर होतात आणि छत्तीस वर्षांच्या चार लाखांच्या घरांत जातात. या चार लाखांतील एकही पोळी तव्यावर फुगून, वाफ धरून, सरळ त्यांच्या स्वतःच्या पानांत पडली असेल असें आम्हांस आठवेना. त्यांच्या वांट्यास यावयाची ती डब्याच्या तळाची, पुरुषांचीं व मुलांचीं जेवणें उरकल्यानंतरची. हें आम्ही जाणत नव्हतों असें नाहीं. रोज डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट माणसाला दिसेनाशी होते, इतकेंच.

अखेर असें ठरलें कीं, त्या दिवशीं घरांतील चूल बंद ठेवावी व तेराही माणसांनीं बाहेर जेवावयास जावें. पंचतारांकित हॉटेलाची सूचना वहिनींनींच मोडून काढली. "तिथें चमचे कसे धरायचे याच्याच विचारांत माझें जेवण संपेल," असें त्या म्हणाल्या. तेव्हां आमच्या पेठेच्या टोकाला असलेलें एक साधें उपाहारगृह मुक्रर केलें. संगमरवरी पाट्यांचीं टेबलें, भिंतीवर गणपतीची तसबीर, गल्ल्यावर मालक, आणि मागितल्याप्रमाणें गरम फुलके वाढणारी थाळी, असें हें ठिकाण असून तशीं ठिकाणें आमच्या वाचकांपैकीं प्रत्येकाच्या पेठेंत एक तरी असेलच. त्याचें नांव येथें देण्याचें कारण नाहीं.

आमच्या मातोश्रींचें वय चौऱ्यांशी. त्या येतील कीं नाहीं याची सर्वांस शंका होती. परंतु सुनेचा दिवस म्हणून त्याही निघाल्या. मात्र निघतांना आपला फिरकीचा तांब्या घरच्या पाण्यानें भरून त्यांनीं पिशवींत घातला. मुलांना याचें हंसूं आलें. आम्हीं मुलांना दटावलें, कारण त्या तांब्यामागें केवढा इतिहास आहे तें त्यांना ठाऊक नाहीं.

तो इतिहास आमच्या वाचकांपैकीं वडील मंडळींनीं आपल्या वडिलांकडून ऐकला असेल. पुण्यांत १८९० सालीं पंचहौद मिशनमध्यें एक सभा झाली. न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक इत्यादि शहरांतील नामांकित मंडळी तिला गेली होती. सभेनंतर चहा व बिस्किटें पुढें आलीं. कोणीं चहा घेतला, कोणीं पेल्याला नुसता हात लावला. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे यजमान गोपाळराव जोशी यांनीं पुढें या मंडळींचीं नांवें वर्तमानपत्रांत छापविलीं आणि एकच गहजब उडाला. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली, घराघरांतून ग्रामण्य माजलें आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नास तोंड द्यावें लागलें. तो चहा कडू होता कीं गोड, याचा कोणीं विचार केला नाहीं. तो कोणाच्या हातचा होता, एवढ्या एकाच गोष्टीवर सारें गांव दोन वर्षें भांडत राहिलें.

म्हणजे आपल्या समाजांत बाहेर खाण्याचा प्रश्न हा पदार्थाचा प्रश्न कधींच नव्हता. तो वाढणाऱ्याचा प्रश्न होता. जुन्या उपाहारगृहांच्या पाट्यांवर जात लिहिलेली असे ती याच कारणानें. आणि ज्यांना त्या दारांतून आंत घेतच नसत, किंवा घेतलेंच तर ज्यांची कपबशी निराळी ठेवीत, त्यांनीं काय सोसलें याची आठवण ठेवणें हें आपल्या घरांचें कर्तव्य आहे, कारण त्या पाट्या आपल्याच घरांतील माणसांना बरें वाटावें म्हणून लावलेल्या असत. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानें, सार्वजनिक उपाहारगृहें व हॉटेलें यांचा नांवानिशीं उल्लेख करून तेथील प्रवेशास धर्म, जात इत्यादि कारणांवरून कोणासही मज्जाव होतां कामा नये असें सांगितलें आहे. राष्ट्राच्या मूलभूत कायद्यांत उपाहारगृहाचें नांव घालावें लागलें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. पुढें १९५५ सालीं अस्पृश्यता हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरविणारा कायदा झाला. आज पाट्या गेल्या, वेगळ्या कपबश्या पुष्कळ ठिकाणीं गेल्या, आणि आमच्या मातोश्रीही तांब्या घेऊन कां होईना, पण आल्या. वाढणाऱ्याची जात आतां कोणी विचारीत नाहीं. मात्र वाढणाऱ्याकडे पाहण्याची आपली दृष्टि कितपत बदलली आहे, त्याची परीक्षा त्या दिवशीं आमचीच झाली आणि तींत आम्ही नापास झालों. तीच हकीकत सांगण्यासाठीं या महिन्यांत लेखणी हातांत घेतली आहे.

रविवारची दुपार. उपाहारगृह गच्च भरलेलें. दाराशीं वीस मिनिटें उभें राहिल्यानंतर तीन टेबलें जोडून आमची सोय झाली. आमच्याकडे वाढावयास आलेला मुलगा विशी-बाविशीचा असेल. अंगावर निळा सदरा, खांद्यावर फडकें, कानावर पेन्सिल. त्यानें पाणी ठेवलें व काय आणूं म्हणून विचारलें. येथूनच आमच्या पराक्रमास आरंभ झाला. वडील माणसांना थाळी हवी, मुलांना डोसे हवेत, त्यांतही एकाला कांदा घालून व एकाला कांदा वगळून. धाकट्या बंधूंनीं आधीं थाळी सांगितली, मग मिसळ सांगितली, मग पुन्हां थाळीवर आले. पुतणीला मेथीची भाजी चालत नाहीं. मातोश्रींना तिखट नको. सगळे एकाच वेळीं बोलत होते. तो मुलगा मुकाट्यानें लिहून घेत होता व मध्येंच एखादें वाक्य पुन्हां विचारीत होता. तिसऱ्यांदा त्यानें विचारलें तेव्हां आमचे बंधु म्हणाले, "अरे, लक्ष कुठें आहे तुझें?"

थाळ्या आल्या, पण डोसे येईनात. पंधरा मिनिटें गेलीं. मुलें चुळबुळ करूं लागलीं. आम्हीं दोनदां हांक मारली. तो "आणतों, काका" म्हणून गेला. तिसऱ्या वेळीं डोसे आले. ज्याला कांदा नको त्याच्यापुढें कांद्याचा आला. आमचा तोल सुटला. घरांत कोणासही जें बोलण्याचें धाडस आम्हांस झालें नसतें, तें त्या मुलाला भर पंक्तींत बोललों. शेजारच्या टेबलांवरील मंडळी वळून पाहूं लागली. गल्ल्यावरचे मालक उठून आले व त्यांनीं त्या मुलाला कन्नड वळणाच्या मराठींत आणखी चार शब्द सुनावले. मुलगा ताट उचलून आंत गेला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आपण घरच्या लोकांची बाजू घेतली अशा समाधानांत आम्ही पुन्हां जेवूं लागलों.

आतां पुढची गोष्ट. थाळ्यांवर फुलके वाढण्यास तोच मुलगा आला. रिवाजाप्रमाणें त्यानें टेबलाच्या वरच्या टोकापासून, म्हणजे आमच्यापासून, सुरुवात केली. वहिनी पंक्तीच्या अगदीं शेवटीं बसल्या होत्या. त्यांच्या पानांत फुलका पडला तो वाफाळलेला होता. वहिनींनीं तो उचलला आणि शेजारच्या नातवाच्या ताटांत ठेवला. दुसऱ्या फेरीला पुन्हां पडला. तो त्यांनीं निम्मा करून मातोश्रींना दिला व निम्मा आमच्या पुतणीला. तिसऱ्या फेरीपर्यंत त्यांच्या ताटांतील भाजी निवून गेली होती व त्या भात कालवूं लागल्या होत्या. आम्हां बारा जणांपैकीं एकानेंही हें पाहिलें नाहीं. ज्या एका पोळीसाठीं तेरा माणसांची ही स्वारी निघाली होती ती पोळी वहिनींच्या पानांतून तीनदां निसटली, आणि आम्ही सांबाराच्या चवीविषयीं चर्चा करीत राहिलों.

तें पाहिलें त्या मुलानें. चौथ्या वेळीं तो आला तो थेट पंक्तीच्या खालच्या टोकाला गेला. हातांतील चिमट्यांत एकच फुलका होता, नुकताच फुगलेला. तो त्यानें वहिनींच्या ताटांत ठेवला, वर तुपाची धार सोडली आणि तेथेंच उभा राहून हळूच म्हणाला, "काकू, हा तुम्ही खा. बाकीच्यांना मी दुसरे आणतों. तुमचा खाऊन होईपर्यंत मी इथेंच आहे."

वहिनींनीं त्याच्याकडे पाहिलें. मग त्यांनीं तो फुलका मोडला व खाल्ला. सबंध खाल्ला. टेबलावरील बोलणें आपोआप थांबलें होतें.

खाऊन झाल्यावर त्यांनीं त्याला विचारलें, "बाळ, तूं जेवलास का रे?"

"आमचें जेवण चार वाजतां, काकू. गर्दी ओसरली कीं मग."

"गार झालेलें?"

तो नुसता हंसला. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे तुझें आणि माझें एकच."

वाचकहो, ज्याला आम्हीं थोड्याच वेळापूर्वीं लक्ष नाहीं म्हणून झिडकारलें होतें, त्याचें लक्ष असें होतें. चाळीस-पन्नास माणसांना वाढतां वाढतां एक बाई उपाशी हातानें बसली आहे हें त्याला कळलें, कारण वाढणाऱ्याची दृष्टि त्याच्यापाशीं होती. कोणाचें पान रिकामें आहे हें मागण्यापूर्वीं दिसणें, हीच वाढण्याची खरी विद्या होय. लग्नाच्या पंक्तींत मीठ कोठें, चटणी कोठें, कोशिंबीर डावीकडे कीं उजवीकडे, याचें शास्त्र आपण मुलींना शिकवितों. परंतु त्या शास्त्राचें मर्म आमच्या घरांत ज्यांना ठाऊक होतें त्या वहिनी पंक्तींत बसल्या होत्या, आणि दुसरा तो परका मुलगा. आम्ही बाकीचे केवळ जेवणारे!

त्या दिवसानंतर आम्ही या उपाहारगृहांच्या व्यवहाराकडे थोडें अधिक डोळसपणें पाहूं लागलों. आपल्यापुढें ताट येण्यापूर्वीं तें किती हातांतून येतें हें आपल्या ध्यानांत नसतें. पाणी ठेवणारा निराळा, टेबल पुसणारा निराळा, वाढणारा निराळा. आंत डोशाचा तवा एकाकडे, फुलक्यांची शेगडी दुसऱ्याकडे, भांडीं घासणारे मोरीपाशीं. थाळीचे पदार्थ सकाळींच सिद्ध असतात म्हणून ती लागलीच येते. डोसा मात्र प्रत्येक नव्यानें घालावा लागतो व तवा एकच असतो. रविवारीं दहा टेबलांचे डोसे त्या एका तव्यापुढें रांग लावून असतात. म्हणजे खोळंबा तव्याचा असतो व बोलणीं वाढणाऱ्याला बसतात, कारण गिऱ्हाइकाला दिसतो तो एवढाच एक माणूस. घरींही असेंच घडत नाहीं काय? गॅस संपतो, दूध नासतें, भाजी निबर निघते, आणि जाब विचारला जातो तो ताट पुढें करणाऱ्या बाईला.

मुंबईच्या व पुण्याच्या या धंद्यांत दक्षिण कन्नडच्या मंडळींनीं जें नांव मिळविलें, तें याच पायऱ्या चढून. माटुंग्यास १९४२ सालीं रामा नायक यांनीं उडुपी पद्धतीची खाणावळ काढली. तेथें केळीच्या पानावर जेवून मुंबईंतील बिऱ्हाडकरूंच्या कित्येक पिढ्या वाढल्या. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावरील 'वैशाली' ज्यांच्यामुळें गाजली ते जगन्नाथ शेट्टी लहानपणींच गांव सोडून इकडे आले होते व हॉटेलांतील हलक्या कामांपासून वर चढले होते. २०२१ सालीं ते वारले तेव्हां पुण्यांतील जुन्या विद्यार्थ्यांना घरचा माणूस गेल्यासारखें वाटलें. त्या काळीं अशीं मुलें फार कोवळ्या वयांत कामाला लागत व 'पोऱ्या' या एका हांकेवर त्यांचें बालपण सरून जाई. १० ऑक्टोबर २००६ पासून चौदा वर्षांखालील मुलांस हॉटेलांत, ढाब्यांवर अथवा घरकामास ठेवण्यास सरकारनें बंदी केली व २०१६ सालच्या दुरुस्तीनें कायदा आणखी कडक झाला. तरीही कोठें असें लहान मूल कपबश्या उचलतांना दिसलें, तर तेथील चहा स्वस्त आहे म्हणून तिकडे डोळेझांक करूं नये, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

स्त्रियांनीं चालविलेल्या खाणावळींचीही गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या गिरणगांवांत कामगारांना दोन वेळ जेवूं घालणाऱ्या बायका घरोघर होत्या. दिवसाचे बारा-चौदा तास चुलीपुढें घालवूनही वाण्याचें देणें त्यांच्या डोक्यावरून उतरत नसे. १९७५ सालीं प्रेमा पुरव यांनीं या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलें व त्यांना बँकांचीं कर्जें मिळवून दिलीं. रांधणें व वाढणें हें बायकांचें अंगचें काम, त्याला मोल कसलें, असें समजणाऱ्या समाजाला त्या मंडळानें दाखवून दिलें कीं, त्या कामाला किंमत आहे, त्यावर कर्ज मिळतें आणि तें फेडलेंही जातें.

आतां कोणी म्हणेल कीं, आपण पैसे मोजतों, मग चांगल्या सेवेची अपेक्षा करूं नये काय? अवश्य करावी. पाणी स्वच्छ असावें, टेबल कोरडें असावें, पदार्थ ताजा असावा, हिशेब चोख असावा, यांत तिळमात्र सवलत देऊं नये. शिळें पुढें आलें तर तें परत करावें. फक्त तक्रार करावयाची ती मालकापाशीं, शांतपणें व पदार्थाविषयीं करावी. वाढणाऱ्याच्या अंगावर ओरडून पदार्थ ताजा होत नाहीं. बिलांत आपोआप सेवाशुल्क चढविण्याची जी रूढी पडली होती, तिला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें ४ जुलै २०२२ रोजीं मनाई केली व दिल्ली उच्च न्यायालयानें मार्च २०२५ मध्यें ती मनाई कायम केली. म्हणजे असें शुल्क न देण्याचा आपणांस अधिकार आहे. परंतु हा अधिकार बजावून जे पैसे वांचले ते पुन्हां आपल्याच खिशांत घालणें हें सभ्य माणसाचें लक्षण नव्हे. हल्लीं बिल मोबाइलवरून चुकतें होतें, खिशांत सुटे पैसे कोणी बाळगीत नाहीं, आणि पूर्वीं बशींत बडीशेपेबरोबर राहणारी नाणीं आतां रहात नाहींत. म्हणून बाहेर जेवावयास निघतांना दहा-वीसच्या चार नोटा वेगळ्या ठेवाव्या आणि ज्यानें वाढलें त्याच्या हातांत, त्याच्याकडे पाहून, द्याव्या.

आमच्या घरांत आम्हीं आणखी कांहीं नियम केले आहेत. काय मागवावयाचें तें दाराशीं उभें असतांनाच ठरवावें व एकानेंच सांगावें. 'शुक् शुक्' करून अथवा चुटकी वाजवून कोणास बोलावूं नये. वाढणारा वयानें मोठा असेल तर त्याला 'अहो' म्हणावें. मुलांनीं सांडलें तर तें आधीं आपण टिपावें, मग फडकें मागावें. दाराशीं माणसें तिष्ठत असतां रिकाम्या ताटांपुढें गप्पा मारीत बसूं नये. आणि निघतांना जेवण चांगलें झालें असेल तर तसें सांगावें. मुलांना याची संवय लवकर लागली. मोठ्यांना, विशेषतः प्रस्तुत लेखकास, थोडा वेळ लागला.

त्या दिवशीं बिल दिल्यावर आम्ही मुद्दाम मागें राहिलों. मुलगा टेबल पुसत होता. आम्हीं त्याला म्हटलें, "मघाशीं आम्ही फार बोललों. चूक आमची होती. आम्हीच तीनदां बदललें." तो गोंधळला. माफी स्वीकारण्याचीही संवय असावी लागते व ती त्याला नव्हती. "चालायचंच, काका," एवढेंच तो म्हणाला. गल्ल्यावर मालकांनाही आम्हीं सांगितलें कीं, चूक आपल्या माणसाची नव्हती. मालक म्हणाले, "तो चांगला पोरगा आहे. रविवार सगळ्यांनाच वाईट." बाहेर मातोश्री रिक्षांत बसून वाट पाहात होत्या. त्यांच्या पिशवींतला तांब्या तसाच भरलेला होता. जेवतांना त्या मुलानें दिलेलें पाणी त्या केव्हां प्यायल्या तें आम्हांस समजलें नाहीं व आम्हीं विचारलेंही नाहीं.

ही झाली बाहेरची गोष्ट. पण वहिनींचें तें एक वाक्य आमच्याबरोबर घरीं आलें. उपाहारगृहांतील मुलाचें जेवण चार वाजतां व्हावें हें बदलणें आमच्या हातीं नाहीं; स्वतःच्या घरांतील पंक्ति तर आमच्या हातांत आहे. तेव्हां असें ठरलें कीं, दर रविवारीं रात्रीं घरांतील पुरुषांनीं व मुलांनीं पोळ्या कराव्या, वाढाव्या आणि शेवटीं बसावें. पहिली पोळी वहिनींच्या पानांत, दुसरी मातोश्रींच्या, मग धाकट्या जाउबाईंच्या व मुलींच्या. आरंभीं आमच्या हातून जे आकार निघाले त्यांत भूगोलाच्या पुस्तकांतील बहुतेक देश येऊन गेले. थोरले बंधु तव्याशीं उभे राहतात व त्यांना दर वेळीं चटका बसतो. धाकट्यानें पहिल्या रविवारीं कणीक इतकी सैल भिजविली कीं, तिची धिरडींच करावीं लागलीं. आणि सगळ्यांत शेवटीं डब्याच्या तळाची गार पोळी जेव्हां आमच्या वांट्यास आली, तेव्हां चार लाखांचा तो हिशेब पुन्हां एकदां डोळ्यांपुढें उभा राहिला.

मातोश्रींना प्रथम हें रुचलें नाहीं. पुरुषांनीं वाढायचें व बायकांनीं आधीं जेवायचें, हें त्यांच्या चौऱ्यांशी वर्षांत त्यांनीं पाहिलें नव्हतें. दोन रविवार त्या कांहीं न बोलतां जेवल्या. तिसऱ्या रविवारीं मात्र त्यांनींच हांक मारली, "अरे, हिच्या पानांत गरम वाढा. ती पुन्हां पोरांना देत्येय बघा."

गेल्या रविवारीं भाजी आम्हीं केली होती. वहिनींनीं पहिला घास घेतला, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "मीठ जरा कमी आहे." छत्तीस वर्षें त्यांच्यासमोर बसून आम्ही जें म्हणत आलों तेंच. आम्ही निमूटपणें मिठाची वाटी घेऊन गेलों.